आठशे फुटांची बोअर मारण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "शाळेत शिकलो की पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन. मग आमच्या गावाला दरवर्षी एप्रिलपासून टँकर का लागतो? जगातलं गोडं पाणी संपत चाललंय म्हणतात, ते खरं का? समुद्राचं पाणी गोडं करून का आणत नाहीत? गेल्या वर्षी नळयोजनेसाठी मारलेली पाचशे फुटांची बोअर फुफाटा उडवत कोरडी गेली. आता लोक म्हणतात आठशे मारा. मारावी का?" गाव मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या कडेचं, खडक बेसाल्ट, पाऊस सरासरी ६०० मिमीच्या आसपास, वस्ती दोन हजार.

मी भूगर्भशास्त्राचा माणूस. एकतीस वर्षं विहिरींच्या काठावरून टेप खाली सोडत फिरलो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मारू नका, निदान या वर्षी तरी नको. कारण सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

पृथ्वीवरचं सगळं पाणी धरलं तर ते सुमारे १३८ कोटी घन किलोमीटर भरतं. यातलं गोडं फक्त अडीच टक्के. त्या अडीच टक्क्यांतलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं आहे, अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडमध्ये. तीसेक टक्के जमिनीच्या पोटात आहे. तळी आणि नद्या मिळून अर्धा टक्काही होत नाही. शाळांमध्ये मी १०० लिटरची टाकी दाखवायचो. ही पृथ्वी समजा, तर गोडं पाणी अडीच लिटर, तळी-नद्यांचं मिळून दीड चमचा आणि जगातल्या सगळ्या नद्यांचं मिळून तीन थेंब. मुलं डोळे मोठे करून बघायची.

पुढे मी ते दाखवणं बंद केलं. आकडे खरेच आहेत, पण त्यातून भलताच धडा घेतला जातो. मुलांना वाटतं की तीन थेंब आहेत, ते वापरले की संपले. पाणी रॉकेलसारखं संपत नाही. कोणत्याही एका क्षणी जगातल्या नद्यांमध्ये जेमतेम २,१०० घन किलोमीटर पाणी असतं, पण वर्षभरात त्यांतून ४०,००० घन किलोमीटरच्या पुढे वाहून जातं. म्हणजे नदीतलं पाणी वर्षातून वीसेक वेळा नवं होतं. घरात रोख किती यापेक्षा महिन्याची आवक किती, ती कोणत्या तारखेला येते आणि पहिल्या आठवड्यात कोण उडवतं, यावर संसार चालतो. पाण्याचंही तसंच आहे.

आता आणखी एक हिशेब करून बघा. माणसाला नुसतं पिण्यासाठी, उन्हाळा धरून, दिवसाला तीन लिटर लागतात असं धरू. जगात ८०० कोटींहून थोडी जास्त माणसं आहेत. या सगळ्यांचं वर्षभराचं पिण्याचं पाणी होतं सुमारे ९ घन किलोमीटर. उजनी, कोयना आणि जायकवाडी ही आपली तीन धरणं काठोकाठ भरली तर त्यांत ९ घन किलोमीटरच्या किंचित वर पाणी मावतं. म्हणजे अख्ख्या मानवजातीची वर्षभराची तहान महाराष्ट्रातल्या तीन धरणांत बसते. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मी शून्यं पुन्हा मोजली होती. आणि तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगातल्या सुमारे २२० कोटी लोकांना घरात, हवं तेव्हा, शुद्ध असं पाणी मिळत नव्हतं. ते नळापर्यंत का पोचत नाही हे पृथ्वीच्या नकाशावर दिसत नाही, आपापल्या शिवारात बघावं लागतं. तर तुमच्या शिवारात येऊ.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्टवर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, भाकरींची चवड रचावी तसे. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट काळा पाषाण आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरू. आणि सगळ्यांत वर, हवापाण्यानं कुजलेला मुरूम. पाणी साठतं ते मुख्यतः या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या सांध्यांत. लोकांच्या मनात जमिनीखाली नद्या वाहत असतात. ३१ वर्षांत मला एकही भेटली नाही.

या खडकाची पाणी साठवण्याची ताकद किती? आम्ही धरतो साधारण दोन टक्के. म्हणजे शंभर लिटर मुरुमाड खडक निथळला तर दोन लिटर पाणी सुटतं. गंगेच्या किंवा तापीच्या गाळात हेच प्रमाण पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जातं. याचा परिणाम बघा. तुमच्याकडे ६०० मिमी पाऊस पडतो, त्यातला दहावा हिस्सा, ६० मिमी, जमिनीत मुरला असं समजू. गाळाच्या प्रदेशात तेवढ्या पाण्यानं विहिरीची पातळी ३७ सेंटीमीटर चढेल. तुमच्याकडे ती ३ मीटर चढते. सप्टेंबरात विहीर तुडुंब झाली की गावाला वाटतं यंदा चिंता नाही. भांडं अरुंद आहे म्हणून ते लवकर भरलं, एवढाच त्याचा अर्थ. फेब्रुवारीत ते तेवढ्याच वेगानं रिकामंही होतं, आणि मग लोक म्हणतात झरे आटले.

आता गावाचा ताळेबंद. शिवार हजार हेक्टरचं धरतो, म्हणजे अडीच हजार एकर. त्यावर ६०० मिमी पाऊस म्हणजे ६०० कोटी लिटर. मुरलं त्यातलं ६० कोटी. जल जीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर दिले तर दोन हजार वस्तीला वर्षाला ४ कोटी लिटर लागतात. हजार मोठ्या जनावरांचे पावणेदोन-दोन कोटी त्यात मिळवा, झाले ६ कोटी. मुरलेल्या दहा रुपयांतला एक रुपया. मुरलेल्यातलं काही झऱ्यांवाटे ओढ्याला निघून जातं, तेही सोडून देऊ. तरीसुद्धा दुष्काळी म्हणवणाऱ्या गावात माणसांना आणि गुरांना पुरून भरपूर उरायला हवं.

मग जातं कुठे? उसाला एका पिकात दीड ते अडीच हजार मिमी पाणी लागतं. मधला आकडा २,००० मिमी धरला तर हेक्टरी दोन कोटी लिटर. त्यातलं पावसानं दिलेलं वजा करा, तरी दीड कोटी लिटर विहिरी-बोअरमधून उपसावे लागतात. दीड कोटी लिटर म्हणजे साडेसातशे माणसांचं वर्षभराचं पाणी. शिवारात शंभर एकर ऊस असला, म्हणजे एकूण जमिनीच्या अवघ्या चार टक्क्यांवर, तर मुरलेलं सगळं, साठ कोटी, तेवढ्यातच गेलं. सरीतून दिलेल्या पाण्यातलं काही परत झिरपतं, तेवढी सूट देतो. शेतकऱ्याला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, तुरीला आणि सोयाबीनला नाही, हे मलाही कळतं. पण टँकर का येतो असं विचारलंत म्हणून सांगतो. शेतीचे पंप ऑक्टोबरपासून चालू असतात. गावची विहीर मात्र मेपर्यंत टिकली पाहिजे. पिण्याचं पाणी गरजेनं सगळ्यांत थोडं आणि रांगेत सगळ्यांत शेवटी, अशी ही स्थिती आहे.

२०१६ सालचं लातूर आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला पाण्याच्या टाकीचे दहा डबे, म्हणजे वाघिणी, होत्या, एकूण ५ लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. पाच लाखांच्या शहरात ते माणशी ५ लिटर होतात. देशभर त्या गाडीचे फोटो छापून आले. त्याच पट्ट्यात उसाचं क्षेत्र किती होतं याचा नकाशा मात्र कोणी छापला नाही.

पाऊस कमी म्हणून टंचाई, हेही अर्धंच खरं आहे. शहापूर, मोखाडा, जव्हार इथे अडीच हजार मिमीच्या आसपास आणि त्याहून जास्त पाऊस पडतो, तुमच्या चौपट. तिथेही मार्च संपला की पाड्यांवर टँकर. तीव्र उतार, मातीचा पातळ थर, पाणी धरून ठेवायला जागाच नाही. पडलेलं पाणी चार दिवसांत खाडीला. आणि जे अडतं ते तानसा, भातसा, वैतरणेच्या जलाशयांतून मुंबईला जातं. शहापूरच्या बाईनं डोक्यावर हंडा घेऊन ज्या जलवाहिनीच्या कडेनं चालायचं, तिच्यातून मुंबईचं पाणी चाललेलं असतं. हे दृश्य मला कधी सवयीचं झालं नाही.

आता बोअर. मुरूम आणि वरचे सांधे संपले की खाली खडक दाबला गेलेला असतो, सांधे मिटलेले असतात. साधारण शंभर मीटरच्या खाली, म्हणजे तीन-सव्वातीनशे फुटांनंतर, बेसाल्टमध्ये पाणी लागण्याची शक्यता फूटाफुटाला घटत जाते. लागतच नाही असं नाही. एखादा गेरूचा सांधा, एखादी मोठी भेग सापडते, पहिल्या दिवशी दोन इंची पाणी उसळतं आणि गाव गुलाल उधळतं. पण त्या भेगेला वरून भरपाई फार हळू होते. दोन उन्हाळे चालते, तिसऱ्या वर्षी पंप हवा ओढतो. म्हणजे तुम्ही पगार खर्च करत नव्हता, ठेव मोडत होता.

शिवाय बोअर हे भांडं नाही, ही नुसती नळी आहे. सहा इंची, सहाशे फुटांची बोअर काठापर्यंत भरली तरी तिच्यात मावतं सव्वातीन-साडेतीन हजार लिटर. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल जुनी विहीर भरली तर तिच्यात साडेतीन लाख लिटर. शंभरपट. आपल्या आजोबांना गणित येत नसेल, पण या खडकात हळूहळू पाझरणारं पाणी रात्रभर साठवायला रुंद भांडं लागतं हे त्यांना माहीत होतं.

इथे पाणाड्यांचा विषय निघतोच. तळहातावर नारळ उभा राहिला, उंबराची काटकी फिरली, पॉइंट दिला आणि पाणी लागलं. माझ्या एका सहकाऱ्याला, खडकाचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज घेणारं रेझिस्टिव्हिटीचं मशिन घेऊन गेल्यावर, गावकऱ्यांनी विचारलं होतं, "साहेब, नारळ आणला नाही का?" पाणाड्याचं अनेकदा बरोबर येतं, कारण चांगल्या पावसानंतर मुरूम जाड असलेल्या शिवारात कुठेही खणलं तरी थोडंबहुत पाणी लागतंच. फसतं ते डोंगरकडेला आणि दुष्काळात, जिथे खरी गरज असते. आणि कोरड्या गेलेल्या पॉइंटची गोष्ट कोणी सांगत नाही.

बोअरनं आपलं भलंही केलं आहे, तेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर कठीण खडकात भराभर भोकं पाडणारी यंत्रं आली आणि गावोगाव हातपंप बसले. आज जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा हातपंप, इंडिया मार्क दोन, हा सोलापूर आणि जालन्यात जोडजाड करून बनवलेल्या पंपांतून पुढे आला. दोनशे फुटांची बोअर, तिच्यावर हातपंप, दिवसभरात माणसांच्या हातानं निघेल तेवढंच पाणी. हे जमिनीला झेपत होतं. पुढे सबमर्सिबल मोटर आली आणि उपसा किती करायचा हे हातांऐवजी विजेनं ठरवायला सुरुवात केली. भारत आज वर्षाला सुमारे २४० घन किलोमीटर भूजल उपसतो, जगात सर्वांत जास्त, आणि त्यातलं ८५ टक्क्यांहून अधिक शेतीला जातं.

खोल पाण्याची दुसरी अडचण चवीची आणि त्याहून वाईट, बिनचवीची आहे. पाणी खडकात जितका काळ मुरत राहतं तितके क्षार घेतं. खारट पाणी निदान जिभेला कळतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पिववत नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक हे जाणून आहेत. फ्लोराइड मात्र कळत नाही. पाणी नितळ, गार, चवीला छान. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे, मग मोठ्यांची हाडं आखडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात मी चाळिशीतली माणसं काठी टेकत चालताना पाहिली आहेत. हे पाणी उकळून सुधारत नाही, उलट थोडं आटून फ्लोराइड दाट होतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला की पाणी जंतूंच्या बाबतीत सुरक्षित झालं म्हणायचं, पण क्षार आणि फ्लोराइडशी त्या पिवळ्या रंगाचा काही संबंध नाही. म्हणून नवी बोअर लागलीच तर पहिला हंडा प्रयोगशाळेत, मग चुलीवर.

समुद्राचं विचारलंत. होतं तसं. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० पासून रोज १० कोटी लिटर पाणी गोडं करण्याची क्षमता असलेला प्रकल्प आहे. हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते. किनाऱ्यावरच्या शहराला ते परवडू शकतं. पण तेच हजार लिटर सहाशे मीटर चढवून घाटमाथ्यावर आणायला, पंपाची घट धरून, आणखी सव्वादोन युनिट. पुढे बालाघाटापर्यंत तीनशे किलोमीटर पाइप, त्यातलं घर्षण वेगळं, गळती वेगळी. तुमच्या नळाला येईपर्यंत ते पाणी दुधाशी भावात स्पर्धा करणार नाही, पण ग्रामपंचायतीला बिल भरता येणार नाही एवढं नक्की. आणि तुमच्या शिवारात पडलेले ६०० कोटी लिटर ते समुद्राकडेच निघालेले असतात. गेलेलं तिथून विकत परत आणायचं, याला काही अर्थ नाही.

मग करायचं काय? हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पाऊस तुमच्याहून कमी, चारशेच्या आसपास. तिथे समतल चर आणि बंधारे झाले हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचं, पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, आधी माणसं-जनावरांचं बाजूला काढतं आणि उरलेल्यावर रब्बीची पिकं ठरवतं. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायतीत हाच धागा धरला होता: पाणी माणशी, जमिनीच्या एकरावर नाही. बंधारे सगळ्या गावांनी बांधले, वाटपाचा हा भाग मात्र फार थोड्यांनी उचलला, कारण त्याला सिमेंट लागत नाही, भांडण पचवायची तयारी लागते.

एक इशारा शेततळ्यांबद्दल. प्लॅस्टिकच्या कागदाचं शेततळं पावसाच्या पाण्यानं भरलं तर ठीक. ते बोअरनं भरलं तर जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवलं. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला ८ मिमी उडालं तरी ७,२०० लिटर रोज जातात, १३० माणसांचं पाणी.

तुमच्या गावापुरतं सांगतो. सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला १९९३ पासून कायद्यानं मनाई आहे, आणि २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरहून खोल जाण्यावर निर्बंध आहेत. कागदावरचं राहू द्या, त्या ५०० मीटरच्या वर्तुळात आज किती मोटरी चालतात ते एकदा फिरून मोजा. विहिरीच्या खालच्या अंगाला ओढा असेल तर फ्रॅक्चर सील सिमेंटेशनचा विचार करता येईल. ओढ्यात आडव्या ओळीनं उथळ छिद्रं घेऊन त्यांत सिमेंट भरायचं, म्हणजे खडकातून खाली निसटणारं पाणी विहिरीजवळ थांबतं. खर्च आठशे फुटी बोअरच्या मानानं भारी नाही. गेल्या वर्षीची कोरडी बोअर बुजवू नका, तिच्यात जलभंजन करून, म्हणजे दाबानं पाणी सोडून मिटलेले सांधे उघडून, काही मिळतं का हे तपासता येतं.

पण त्याच्याही आधी एक टेप घ्या, टोकाला वजन बांधा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी, मोटरी सुरू व्हायच्या आत, गावच्या विहिरीत काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेच्या शेवटी पुन्हा. सोबत त्या वर्तुळातल्या मोटरींचा आकडा आणि यंदाच्या उसाचं क्षेत्र लिहा. एवढं मला पाठवा, मग आठशे फुटांचं बोलू.